जुना डेस्कटॉप: नुसता प्रोसेसर बदलायचा की मदरबोर्डसकट सगळा सेट?



फोन जुना झाला की आपल्यापुढे फारसे पर्याय नसतात. बॅटरी बदलून घ्या, नाहीतर नवा फोन घ्या. फोनमधला प्रोसेसर बोर्डावर सोल्डर केलेला असतो, तो काढून दुसरा बसवता येत नाही. डेस्कटॉपचं तसं नाही. त्यात जवळपास प्रत्येक पार्ट सुटा असतो. हीच त्याची मजा, आणि खरा गोंधळही इथूनच सुरू होतो.

घरात सात-आठ वर्षं जुना पीसी आहे, तो आता रडतखडत चालतोय, आणि हातात थोडे साठवलेले पैसे आहेत. अशा वेळी दुकानात गेलात की "आता पूर्ण सेटच बदला" हे उत्तर ठरलेलं असतं. कधीकधी ते बरोबरही असतं. पण बऱ्याचदा एक चतुर्थांश खर्चात भागलं असतं. उलट काही मशिनं अशी असतात की त्यांच्यात प्रोसेसरवर एक रुपयाही टाकू नये. आपलं मशिन यातलं कोणतं, हे कसं ओळखायचं ते मी आज सांगणार आहे.

माझा एकच नियम आहे, तो आधीच सांगतो. पैसे टाकण्याआधी विचारा: हा पार्ट पुढच्या मशिनमध्ये माझ्यासोबत येणार आहे का? येणार असेल तर खुशाल घ्या. नसेल येणार, तर त्यातून आज मिळणारा फरक खूप मोठा असला पाहिजे.

'प्लॅटफॉर्म' म्हणजे नेमकं काय?

प्रोसेसर मदरबोर्डवरच्या ज्या जागेत बसतो त्याला सॉकेट म्हणतात. सॉकेटवरून ठरतं की कोणते प्रोसेसर चालतील. बोर्ड आणि प्रोसेसर मिळून ठरवतात की रॅम डीडीआर३ लागेल, डीडीआर४ की डीडीआर५. म्हणून प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम हे त्रिकूट म्हणजे प्लॅटफॉर्म. सॉकेट बदलला की बोर्ड बदलतो, आणि बोर्ड बदलला की बऱ्याचदा रॅमही बदलावी लागते.

कॅबिनेट, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, मॉनिटर, कीबोर्ड हे सगळं प्लॅटफॉर्मच्या बाहेरचं. ते नव्या मशिनमध्येही चालतं. एटीएक्स हे बोर्ड आणि कॅबिनेटच्या मापाचं मानक १९९५ पासून आहे, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या साध्या असेंबल्ड कॅबिनेटमध्ये आजचा बोर्ड सहसा बसतो. ब्रँडेड ऑफिस पीसीची गोष्ट वेगळी. त्यांचा बोर्ड, पॉवर सप्लाय आणि पुढच्या बटणाची वायर कंपनीच्या खास मापाची असू शकते. तिथे 'फक्त बोर्ड बदलू' म्हणताना दहा वेळा तपासा.

आधी बघा: मशिन अडतंय कुठे?

'पीसी स्लो आहे' याचा अर्थ 'प्रोसेसर जुना झाला' असा होत नाही. कंट्रोल + शिफ्ट + एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स टॅबवर जा, आणि नेहमीचं काम करत असताना आकडे बघा.

- डिस्क १०० टक्के, सीपीयू २०-३० टक्के: दोषी हार्ड डिस्क आहे. साधी हार्ड डिस्क सलग फाइल वाचताना सेकंदाला साधारण १०० ते २०० एमबी देते, पण छोट्या छोट्या विखुरलेल्या फाइल्स वाचताना तिचा जीव जातो. विंडोज सुरू होताना नेमकं तेच चालू असतं. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत जाते, आणि विखुरलेल्या फाइल्समध्ये तर दोघींची तुलनाच नको.
- मेमरी ९० टक्क्यांच्या वर: रॅम कमी पडतेय. ४ जीबीवर क्रोमचे दहा टॅब उघडले की हेच दिसणार.
- गेम खेळताना जीपीयू ९५-९९ टक्के: ग्राफिक्स कार्ड पूर्ण ताकदीने चालतंय. प्रोसेसर बदलून इथे फार काही मिळणार नाही.
- जीपीयू ५०-६० टक्के, तरी गेम अडखळतोय: इथे प्रोसेसरवर संशय घ्यायला जागा आहे.

एक बारकावा आहे. चार कोअरच्या प्रोसेसरवर एकूण वापर फक्त २५-३० टक्के दिसत असेल, तरी एक कोअर पूर्ण भरलेला असू शकतो. सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून 'लॉजिकल प्रोसेसर्स' निवडा, म्हणजे प्रत्येकाचा वेगळा आलेख दिसेल.

तापमानही बघा. एचडब्ल्यूइन्फोसारखं मोफत सॉफ्टवेअर ते दाखवतं. कामाच्या वेळी प्रोसेसर ९० अंशांच्या वर जात असेल तर तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. कूलरमध्ये साचलेली धूळ आणि वाळून गेलेली थर्मल पेस्ट हे त्याचं नेहमीचं कारण. ब्रश आणि पेस्टची एक ट्यूब एवढ्यात हा आजार बरा होतो. अपग्रेडचा विचार त्यानंतर.

आता सॉकेट ओळखा

सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात प्रोसेसरचं नाव, सॉकेट, बोर्डाचं मॉडेल आणि रॅमचा प्रकार हे सगळं दिसतं. मग खालच्या यादीत स्वतःला शोधा.

इंटेल:
- एलजीए ११५५: दुसरी आणि तिसरी पिढी
- एलजीए ११५०: मुख्यतः चौथी पिढी
- एलजीए ११५१: सहावी आणि सातवी पिढी
- एलजीए ११५१, पण ३०० मालिकेचे बोर्ड: आठवी आणि नववी पिढी
- एलजीए १२००: दहावी आणि अकरावी पिढी
- एलजीए १७००: बारावी, तेरावी, चौदावी पिढी
- एलजीए १८५१: कोअर अल्ट्रा २००

एएमडी:
- एएम४: रायझन १००० ते ५०००
- एएम५: रायझन ७०००, ८००० आणि ९०००

यादी नीट बघितलीत तर एक गोष्ट लगेच लक्षात येईल. इंटेलने साधारण दर दोन पिढ्यांनी सॉकेट किंवा बोर्ड बदलायला लावला. एएमडीने रायझनसाठी २०१७ पासून एकच एएम४ सॉकेट चालवला. तुमचं उत्तर बहुतेक इथेच दडलंय. आता एकेक प्रकार बघू.

पहिला प्रकार: एएम४. इथे नुसता प्रोसेसर बदला

माझ्या मावसभावाचं उदाहरण देतो. २०१७ चा रायझन ३ १२००, बी३५० बोर्ड, ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क आणि जीटीएक्स १०५० टीआय. पोरगा डिप्लोमा करतो आणि सुट्टीच्या दिवशी लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करून देतो. २०२४ च्या दिवाळीत त्याचा फोन आला, "दादा, दुकानवाला म्हणतो पूर्ण सेट बदलावा लागेल. छत्तीस हजार सांगतोय." त्याच्याकडे साठलेले होते अठरा हजार. उरलेले ईएमआयवर घ्यायचा विचार चालला होता. एडिटिंगचं काम काही दर महिन्याला मिळत नाही, हप्ता मात्र दर महिन्याला जातो.

मी त्याला बोर्डाच्या कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन त्या मॉडेलची सीपीयू सपोर्ट लिस्ट बघायला सांगितली. त्यात रायझन ५ ५६०० होता, समोर लागणाऱ्या बायॉस व्हर्जनचा नंबरही होता. जुन्या ३०० मालिकेच्या बोर्डांवर रायझन ५००० चालू देण्याचा निर्णय एएमडीने २०२२ मध्ये जाहीर केला, तेव्हापासून बोर्ड कंपन्यांनी तसे बायॉस दिले.

आता फरक बघा. रायझन ३ १२०० मध्ये ४ कोअर, ४ थ्रेड, वेग ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत. रायझन ५ ५६०० मध्ये ६ कोअर, १२ थ्रेड, वेग ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत. शिवाय तेवढ्याच गिगाहर्ट्झमध्ये होणारं कामही वाढलंय. एएमडीच्या आकड्यांनुसार झेन २ मध्ये ही वाढ सुमारे १५ टक्के होती आणि त्यानंतर झेन ३ मध्ये आणखी १९ टक्के. वीज दोघांचीही ६५ वॅट गटातली, म्हणून पॉवर सप्लाय बदलायची गरज पडली नाही.

प्रोसेसर, ८ जीबी रॅमची आणखी एक पट्टी आणि १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, एवढं मिळून त्याच्या अठरा हजारांत बसलं. (हे भाव तेव्हाचे, आजचे वेगळे असतील.) सहा मिनिटांच्या हायलाइट व्हिडिओचा एक्स्पोर्ट आधी पंचवीस मिनिटं चालायचा, तो नऊ मिनिटांवर आला. हप्ता लागला नाही. आणि माझ्या नियमाने बघितलं तर एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड पुढच्या मशिनमध्येही त्याच्यासोबत जाणार.

एएम४ वाल्यांनी एवढी काळजी घ्या: ५६०० मध्ये अंगचे ग्राफिक्स नाहीत. तुमच्याकडे २२००जी किंवा ३२००जी असेल आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर ५६०० बसवल्यावर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. तुम्ही ५६००जी किंवा ५६००जीटी घ्या. मुख्यतः गेमिंग करत असाल आणि कार्ड दमदार असेल, तर ५७००एक्स३डी वाजवी भावात मिळतोय का ते बघा. त्यातली जास्तीची कॅशे गेममध्ये चांगलीच कामाला येते.

दुसरा प्रकार: चौथी पिढी आणि त्याआधीचं. प्रोसेसरवर पैसे नकोत

समजा तुमच्याकडे आय३-४१३०, एच८१ बोर्ड, ४ जीबी डीडीआर३ आणि हार्ड डिस्क आहे. अशी मशिनं घराघरांत सापडतात. या बोर्डात तुम्ही जास्तीत जास्त आय७-४७७० च्या आसपासचा प्रोसेसर बसवू शकता, तोही जुन्या बाजारातून. २ कोअरचे ४ कोअर होतील, फरक पडेल. पण बोर्डात रॅमचे स्लॉट दोनच, कमाल १६ जीबी. डीडीआर३ पुढे कुठेच चालत नाही. आणि विंडोज ११ ला अधिकृत सपोर्ट नाही.

इथे मी साटा एसएसडी घ्यायला सांगेन आणि जुन्या बाजारातून रॅमची एक स्वस्त पट्टी. बस्स. एसएसडी पुढच्या मशिनमध्ये येईल. ऑनलाइन क्लास, टायपिंग, यूट्यूब, टॅली यासाठी मशिन आणखी काही काळ सुखाने चालेल. आय७ मिळतच असेल तर माझी मर्यादा अशी आहे: नव्या त्रिकुटाला जेवढा खर्च येईल त्याच्या एक दशांशापेक्षा जास्त त्यात घालू नका.

तिसरा प्रकार: सहावी-सातवी पिढी. इथेच जास्त फसगत होते

आय५-६४०० किंवा आय५-७४०० असलेले मित्र म्हणतात, "माझा सॉकेट ११५१ आहे, आय५-८४०० पण ११५१ आहे, मग चालेलच!" नाही चालत. पिनांची संख्या तीच असली तरी आठव्या पिढीला ३०० मालिकेचा बोर्ड लागतो. ऑनलाइन जुना आय५-८४०० स्वस्तात दिसला म्हणून ऑर्डर करू नका.

मग उरतो आय७-७७००. त्या सॉकेटमधला तो जवळजवळ वरचा प्रोसेसर, आणि जुन्या बाजारात असे वरचे प्रोसेसर त्यांच्या कुवतीपेक्षा महाग विकले जातात. कारण सरळ आहे, त्या बोर्डाच्या सगळ्या मालकांना तोच हवा असतो. बारावी पिढीचा आय३-१२१०० सुद्धा ४ कोअर, ८ थ्रेडचाच आहे, पण आय७-७७०० ला मागे टाकतो आणि विंडोज ११ ही चालवतो.

इथे एक मधला मार्ग आहे. एलजीए १७०० चे काही बोर्ड डीडीआर४ रॅम घेतात, काही डीडीआर५. तुमच्याकडे डीडीआर४ असेल तर एच६१० किंवा बी६६० चा डीडीआर४ वाला बोर्ड आणि आय३-१२१०० किंवा आय५-१२४०० घ्या. रॅम जुनीच चालेल. नावापुढे 'एफ' असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स नसतात, तेवढं बघून घ्या.

रॅम वाचवण्याला सध्या वेगळंच महत्त्व आलंय. एआय डेटा सेंटरांची मागणी वाढल्यामुळे २०२५ च्या शेवटी रॅमच्या किमती जोरात चढल्या. सेटची जुनी कोटेशनं आता विसरा. भाव काढाल तेव्हा रॅमचा भाव वेगळा लिहून घ्या.

दहावी पिढी आणि पुढचं

एलजीए १२०० वर आय३-१०१०० असेल तर जुन्यात आय५-१०४०० मिळतोय का बघा. अकरावी पिढी घ्यायची असेल तर सावध, कारण एच४१० आणि बी४६० चिपसेटवर तिला अधिकृत सपोर्ट नाही. एलजीए १७०० वर आय३-१२१०० असणाऱ्यांना आय५-१२४०० पासून चौदाव्या पिढीपर्यंत रस्ता मोकळा आहे. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या मोठ्या प्रोसेसरमध्ये मशिन अस्थिर होण्याची तक्रार होती. इंटेलने २०२४ मध्ये ती मान्य करून मायक्रोकोड अपडेट दिलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तसा प्रोसेसर वापरलेला घेणार असाल तर तो आधी जुन्या बायॉसवर किती काळ चालला हे कळायला मार्ग नाही. शक्यतो नवा आणि वॉरंटीतलाच घ्या.

विंडोजचं घड्याळ

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि प्रोसेसर साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० आणि त्यापुढचा लागतो. म्हणजे एएम४ वर प्रोसेसर बदलला की हा प्रश्नही सुटतो, फक्त बायॉसमध्ये एफटीपीएम चालू करायचं. चौथ्या पिढीवर आय७ बसवूनही तो सुटत नाही. अशा मशिनवर लिनक्स मिंट हा चांगला पर्याय आहे. पण त्याच पीसीवर बँकेचे व्यवहार आणि महत्त्वाचे फॉर्म भरत असाल, आणि विंडोजच हवं असेल, तर ही तारीख तुमच्या हिशेबात धरा.

सेट बदलायचा ठरला, तर पूर्ण बिल मांडा

दुकानात तीन पार्टचा भाव सांगतात. उरलेलं नंतर कळतं.

- कूलर: इंटेलच्या जुन्या सॉकेटचा कूलर एलजीए १७०० वर वेगळ्या किटशिवाय बसत नाही.
- पॉवर सप्लाय: नव्या बोर्डाला प्रोसेसरसाठी सहसा ८ पिनची वायर लागते. जुन्या स्वस्त सप्लायमध्ये ४ पिनचीच असते. सप्लाय खूप जुना किंवा नाव नसलेला असेल तर बदलाच, नव्या बोर्डाचा जीव त्याच्या हातात देऊ नका.
- विंडोज लायसन्स: पीसीसोबत आलेलं ओईएम लायसन्स त्या बोर्डाशी बांधलेलं असतं. वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स नव्या बोर्डावर नेता येतं.

एवढं सगळं करायचंच असेल तर पुढे वाट असलेला सॉकेट घ्या. एएम५ ला किमान २०२७ पर्यंत नवे प्रोसेसर देणार असं एएमडीने सांगितलंय. आज साधा प्रोसेसर आणि चांगला बोर्ड घेतला, तर काही वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलता येईल. मात्र तिथे डीडीआर५ शिवाय काही चालत नाही.

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी

१. बायॉस अपडेट जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करा. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड बंद पडू शकतो, म्हणून यूपीएस हवाच. पावसाळ्याच्या दिवसांत तर नक्कीच.

२. डेटाचा बॅकअप घ्या. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी फोनमध्ये किंवा कागदावर उतरवून ठेवा. प्रोसेसर बदलल्यावर ती मागितली जाऊ शकते.

३. एएम४ प्रोसेसरला खाली पिना असतात. कूलर सरळ वर ओढलात तर पेस्टला चिकटलेला प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो. आधी पीसी थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवा.

४. लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून वापरलेला प्रोसेसर घेताना पिना उजेडात धरून बघा, समोर बसवून चालवून दाखवायला सांगा, आणि बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्या.

मग करायचं काय?

एएम४ असेल तर प्रोसेसर बदला, वर जायला भरपूर जागा आहे. चौथी पिढी किंवा त्याआधीचं असेल तर एसएसडी बसवा आणि पुढच्या मशिनसाठी पैसे साठवायला लागा. सहावी-सातवी असेल तर जुना आय७ सोडा आणि डीडीआर४ वाचवणारा नवा बोर्ड बघा. दहावीच्या पुढचं असेल तर आधी खरंच काही अडतंय का ते टास्क मॅनेजरला विचारा.

दुकानात जाल तेव्हा तीन गोष्टी फोनमध्ये लिहून न्या: बोर्डाचं पूर्ण मॉडेल, सध्याचं बायॉस व्हर्जन, आणि कंपनीच्या यादीतला तुम्हाला हवा असलेला प्रोसेसर. समोरच्याला कळतं की गिऱ्हाईक तयारी करून आलंय, आणि मग 'पूर्ण सेट बदला' म्हणण्याआधी तो एकदा विचार करतो.